बोधचिन्हातली गाळलेली रेघ

संग्रहालयाचे बोधचिन्ह खेळकर असावे, असे अलीकडे चित्रकार आणि संयोजक म्हणू लागले आहेत. माझा त्याला विरोध नाही. राजमुद्रा आणि तोरणांनी आपल्या संग्रहालयांची दारे पुरेशी जड झाली आहेत. प्रश्न एवढाच की, हा खेळ कोण खेळतो आणि हसू कोणावर येते?

सातारा जिल्ह्यातले भिलार घ्या. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवर सुरुवातीला २५ ठिकाणी पुस्तके मांडली गेली, साहित्यप्रकारानुसार भिंती रंगविल्या गेल्या. गावच संग्रहालय व्हावे ही कल्पना चांगली आहे. आत पुस्तके कोणती, हा माझा आजचा मुद्दा नाही. मी भिंतीबद्दल बोलतो. रंगीत भिंत पाहुण्याला प्रसन्न करते, पण कोणताही जुना क्रम मोडत नाही. ही सजावट झाली, खेळ नव्हे.

खेळ कसा असतो? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी ॲलन फ्लेचर यांनी १९८९ मध्ये केलेल्या चिन्हात ‘ए’ अक्षराची डावी रेघ गाळली आहे. शेजारचे ‘आणि’चे चिन्ह ते अक्षर पुरे करते. पाहणाऱ्याला गाळलेले दिसते, आणि तो ते मनाने भरून काढतो.

आपल्याकडे हे काम अण्णा भाऊ साठे यांनी रंगमंचावर केले. ते १९२० साली वाटेगावात जन्मले तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. आज सांगलीत आहे. तमाशाच्या गणातून त्यांनी गणपतीचे वंदन काढले आणि तिथे मायभूमी व हुतात्मे आणले. ढोलकी तीच, हशा तोच; पण हशाचे तोंड सावकाराकडे वळले. आमची ढोलकी नुसती शोभेला घेणाऱ्या चिन्हकारांनी हे ध्यानात घ्यावे.

उद्या साताऱ्यात शाळेतल्या अस्पृश्यतेचे संग्रहालय झाले, तर त्याचे चिन्ह काय असावे? ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव तिथल्या शाळेच्या रजिस्टरात लागले. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसणे, आणि बसायचे गोणपाट रोज घरी नेऊन परत आणणे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मी गोणपाटाचा चौकोन घेईन. चौकोनांची सरळ रांग, आणि एक चौकोन कोपऱ्यात ढकललेला. तिकिटावर तो कोपऱ्यात राहील. पाटीवर रांगेच्या मधोमध घुसेल. मुलांच्या वहीवर तो सुटा असेल. कुठे ठेवायचा ते मुलाने ठरवावे.

“दुःखाचे खेळणे करता काय?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. गोणपाटावर बसलेल्या पोराचे गोंडस चित्र काढले, तर तसेच होईल; म्हणून चित्रात पोर नको. हलतो तो चौकोन. आणि तो हलला की उघडी पडते ती रांग, तो तिथे नसताना जी निमूटपणे सरळ बसली होती.

आणखी एक अट. असले चिन्ह ठरविणाऱ्या समितीत आमची माणसे उद्घाटनाच्या दिवशी हार घालायला बोलावू नयेत. पहिली रेघ ओढली जाते तेव्हा ती तिथे हवीत, मोबदल्यासह आणि नावासह. नाहीतर कागदावरचा चौकोन रांगेत येईल, आणि तो काढणारा हात पुन्हा कोपऱ्यातच राहील.