घोरपडीचा बुडालेला भाऊबंद

२०१५ सालच्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’ या चित्रपटात पाण्यातून उसळी मारून टांगलेला शार्क गिळणारा मोसासॉर आपल्या शाळकरी मुलांना चांगला ठाऊक आहे. त्याला ती ‘पाण्यातला डायनोसॉर’ म्हणतात. मोठी माणसेही तेच म्हणतात. माझा आक्षेप या नावापासूनच सुरू होतो. मोसासॉर हा डायनोसॉर नव्हताच. तो सरडे आणि साप यांच्या गोतातला, घोरपडीचा लांबचा भाऊबंद.

हे नाते कसे उलगडले, ती हकीकत चित्रपटाहून रंजक आहे. १७८० च्या सुमारास नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टजवळच्या खाणीत एक प्रचंड जबडा निघाला. कोणी तो मगरीचा म्हटला, पीटर काम्पर यांनी देवमाशाचा. पुढे त्यांचेच चिरंजीव आद्रियान यांनी वडिलांचे मत बाजूला ठेवून घोरपडीशी असलेले साम्य दाखवले आणि क्युव्हिए यांनी ते उचलून धरले. भीती आवरून हाडे नीट वाचली, म्हणून हे घडले.

ज्यूल व्हर्नला ही गोष्ट कळली होती. भा. रा. भागवतांमुळे तो आपल्या घरचाच झालेला लेखक. पृथ्वीच्या पोटातील प्रवासावरच्या त्याच्या १८६४ मधील कादंबरीत तराफ्यावरच्या प्रवाशांना समुद्रात आधी अनेक अक्राळविक्राळ प्राणी दिसतात. निरखल्यावर कळते की प्राणी दोनच आहेत, इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर. व्हर्नच्या प्लेसिओसॉरला कासवाची पाठ आहे, ती चूकच. पण त्याच्याकडे भयानकातून अद्भुताकडे जाण्याची वाट आहे, आणि ती वाट निरीक्षणातून जाते.

चित्रपटात ती वाट बंद आहे. तिथला प्राणी म्हणजे केवळ जबडा. त्याच्या पाठीवर झालर आहे. अशा झालरीची कल्पना सॅम्युएल विलिस्टन यांच्या एका चुकीतून रुजली. श्वासनलिकेची कूर्चा त्यांना झालर वाटली होती. १९०२ मध्ये त्यांनी स्वतःच ही चूक कबूल केली, तरी शंभर वर्षांनंतरही ती पडद्यावर आहे. जिवंत पिल्लांना समुद्रातच जन्म देणारा, श्वासासाठी पुन्हा पुन्हा वर येणारा प्राणी मात्र तिथे कुठेच नाही. करमणुकीला सगळे माफ, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की मग मुलांच्या मनात उरते काय?

बीडमध्ये बसून हे लिहिण्याला कारण आहे. विहीर खोदताना चमकदार गारगोटी किंवा वाटोळा दगड निघाला, की ‘राक्षसाचे हाड’, ‘डायनोसॉरचे अंडे’ अशी आवई उठते. बालाघाटाच्या काळ्या कातळात समुद्री सरीसृप सापडायचे नाहीत. हा कातळ जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचा आहे. आपल्या देशात त्यांचा शोध घ्यायचा तर कच्छला जावे. तिथे लोडाई गावाजवळ सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचा जवळपास संपूर्ण सांगाडा मिळाला. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो जीव सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. इक्थिओसॉर ९ कोटी वर्षांपूर्वी संपले; मोसासॉरांचे राज्य त्यानंतरचे.

तरीही मोसासॉरांशी आपला संबंध आहे, आणि तो हाडांपेक्षा खोल आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर चढत होते, त्याच काळात मोसासॉर नाहीसे झाले. अंत मुख्यतः मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीने केला. लाव्हातून निघालेल्या वायूंचा त्यात वाटा किती, यावर अभ्यासकांचा वाद चालूच आहे. म्हणजे सौताड्याचा कडा, धारूरच्या किल्ल्याखालचा डोंगर, आपल्या जुन्या वाड्यांचे जोते, हे सारे त्या प्रलयकाळाचे दगड आहेत.

मुलांना हे सांगायला हवे. खोटे अंडे दाखवून मिळणारे कुतूहल चार दिवस टिकते. दारातल्या दगडाचे वय कळलेले मूल पुढच्या विहिरीवर उभे राहून काळा थर कुठे संपतो, लाल गेरू कुठे लागतो हे पाहील. चित्रपट तेही आवडीने पाहील, फक्त पाठीवरच्या झालरीला हसेल.