भयाचा पूर्वपक्ष : कण-त्वरकांच्या सुरक्षा-अहवालांचे एक वाचन

विज्ञानाविषयीच्या लोकभयाची चर्चा बहुधा ज्ञान आणि अज्ञान या द्वंद्वाच्या आधारे केली जाते. जाणणारा निर्भय आणि न जाणणारा भयग्रस्त, अशी ही सोयीची विभागणी आहे. १९९९ ते २००८ या काळात कण-त्वरकांच्या संदर्भात निर्माण झालेल्या संहिता बारकाईने वाचल्या, तर ती टिकत नाही. या संहितांमध्ये भय आणि त्याचे निराकरण परस्परांना घडवीत जातात, आणि या घडणीत साहित्याचाही वाटा आहे.

अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याच्या अणुकेंद्रकांच्या टकरी घडवून आणणारे ‘रिक’ हे यंत्र पूर्णत्वास येत असताना ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या जुलै १९९९ च्या अंकात वाचकांच्या शंका प्रसिद्ध झाल्या. या टकरींतून कृष्णविवर निर्माण होऊन पृथ्वी गिळली जाईल काय, असा प्रश्न होता. भौतिकीविद फ्रँक विल्चेक यांनी आपल्या उत्तरात ती शक्यता फेटाळली. पण त्याच उत्तरात त्यांनी आणखी एका कल्पनेचा उल्लेख केला. ‘स्ट्रेंज’ क्वार्कयुक्त द्रव्याचा एखादा सूक्ष्म गोळा, म्हणजे स्ट्रेंजलेट, भोवतालच्या द्रव्याला आपल्यासारखे करीत वाढत जाईल, ही ती कल्पना. तीही त्यांनी असंभाव्य ठरविली. मात्र तिचे वर्णन करण्यासाठी त्यांनी ‘आइस-नाइन’चा दाखला घेतला. आइस-नाइन हा कर्ट व्हॉनेगट यांच्या ‘कॅट्स क्रेडल’ (१९६३) या कादंबरीतील, स्पर्शमात्रे पाणी गोठविणारा पदार्थ होय. आणि तो निर्माण करतो अणुबॉम्बच्या निर्मितीतील एक वैज्ञानिक. शास्त्रीय निराकरणाने आपली प्रतिमा एका विनाशकथेतून उचलली होती. पुढे लोकभयाच्या केंद्रस्थानी आलेला स्ट्रेंजलेट वाचकाच्या पत्रातून नव्हे, तर तज्ज्ञाच्या उत्तरातून आला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

निषेधाचे व्याकरणच असे असते. ‘हे घडणार नाही’ असे सिद्ध करायचे तर ‘हे’ काय, ते आधी सांगावे लागते. प्रयोगशाळेचे संचालक जॉन मार्बर्गर यांनी नेमलेल्या चार भौतिकीविदांच्या समितीने १९९९ मध्ये जो अहवाल दिला, त्याचीही रचना अशीच आहे. प्रत्येक आपत्तीची कथा तो प्रथम रचतो आणि मग मोडतो. मोडण्याचे मुख्य साधन विश्वकिरण हे आहे. वातावरणाचे कवच नसलेल्या चंद्रावर अब्जावधी वर्षे अतिऊर्जावान केंद्रके आदळत आली आहेत, आणि चंद्र शाबूत आहे. जिनिव्हाजवळील सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरसंबंधीचा २००८ चा अहवाल हाच युक्तिवाद विस्तारतो. त्या यंत्राच्या सुमारे एक लाख प्रयोगांइतक्या टकरी निसर्गाने पृथ्वीवर आधीच घडविल्या आहेत, असे तो सांगतो. यावर एक मर्मग्राही आक्षेप आहे. विश्वकिरणांतून निर्माण झालेली वस्तू वेगाने पृथ्वीपार निघून जाईल, पण यंत्रात निर्माण झालेली वस्तू मंदगती असू शकेल. त्याच्या उत्तरादाखल श्वेतबटू आणि न्यूट्रॉन तारे पुढे आणले गेले. त्यांची घनता एवढी असते की वेगवान कृष्णविवरही त्यांत अडकून पडावे. तरीही हे तारे टिकून आहेत. म्हणजे आक्षेपामुळेच सिद्धान्त बळकट झाला.

भारतीय शास्त्रपरंपरेत या व्यापाराला नाव आहे. पूर्वपक्ष जितक्या सामर्थ्याने मांडावा, तितका सिद्धान्त निर्णायक ठरतो. या अहवालांतील पूर्वपक्ष मात्र सिद्धान्त्यांनीच लिहिला आहे. विल्चेक हे पहिल्या समितीचे सदस्य होते. २००८ च्या अहवालाच्या पाच लेखकांपैकी चौघे सर्नमधील होते. अहवालाची समीक्षा बाहेरच्या वैज्ञानिकांनीही केली, परंतु तेही त्याच शास्त्राचे होते. भौतिकीविद फ्रान्चेस्को कालोजेरो यांनी २००० मध्ये, धोका सिद्ध करण्याचा प्रयत्न करणारा एक स्वतंत्र गट असावा अशी जी सूचना केली, ती वस्तुतः पूर्वपक्षाला स्वतःचा वक्ता देण्याचीच होती. एड्रियन केंट यांचा आक्षेप आणखी मूलगामी आहे. एका अभ्यासात दिलेली धोक्याची कमाल मर्यादा सुमारे ५ कोटींत १ एवढी होती. ही संख्या नगण्य वाटते. पण तिला ६०० कोटी माणसांनी गुणले तर १२० मृत्यूंची सांख्यिकीय अपेक्षा निघते. ‘नगण्य’ हे विशेषण भौतिकीचे नसून मूल्यनिर्णयाचे आहे, हे या साध्या गुणाकारातून उघड होते.

सामान्य वाचकाला येथे प्रत्यक्ष उपलब्ध नसते आणि अनुमानाची सामग्रीही नसते. त्याच्यापाशी उरते ते केवळ शब्दप्रमाण. नैयायिकांच्या मते आप्त होण्यास विषयाचे ज्ञान पुरेसे नाही. जसे आहे तसे सांगण्याची इच्छाही लागते. लोकभयाचा रोख बहुतांशी या दुसऱ्या अटीकडे आहे. यंत्र चालावे असे ज्याला वाटते, त्यानेच ते निर्धोक असल्याची ग्वाही द्यावी काय, हा प्रश्न क्वार्कांविषयी अजिबात न जाणणाराही विचारू शकतो. भौतिकीचा अधिक सुबोध परिचय हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

याचा अर्थ भय आणि निराकरण यांना समान वजन द्यावे असा नाही. १९ सप्टेंबर २००८ रोजी सर्नच्या यंत्रात विद्युत्-जोडणीतील दोषामुळे सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडला आणि यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. माणसाची यंत्रे बिघडतात, हे त्यातून दिसले. पण सुरक्षेचा मुख्य युक्तिवाद यंत्राच्या निर्दोषतेवर नव्हे, तर ताऱ्यांच्या दीर्घायुष्यावर उभा होता. तो या अपघाताने डळमळत नाही. आशयाच्या पातळीवर हे भय निराधारच ठरते. प्रामाण्याच्या पातळीवर मात्र त्याने विचारलेला प्रश्न शिल्लक राहतो. या दोन पातळ्यांची गल्लत भयग्रस्तांनी केली, तशीच त्यांचा उपहास करणाऱ्यांनीही केली. ही गल्लत उकलणे हे भौतिकीचे काम नव्हे. संहितेत कोण बोलतो आणि कोणाच्या वतीने बोलतो, हे विचारणाऱ्या समीक्षेचे ते काम आहे.