‘मला’ आणि ‘मी’ : वेदनाशामक औषधांच्या करारपत्राची भाषा

१

काव्य, कथा, नाटक आणि फार तर आत्मचरित्र एवढेच वाङ्मयसमीक्षेचे क्षेत्र होय, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तथापि जी रचना भाषेच्या द्वारा माणसाला एखाद्या भूमिकेत उभे करते, ती कर्जरोखा असो की अभंग असो, परीक्षणास पात्र ठरते. प्रस्तुत लेखात अशाच एका रचनेचा विचार करावयाचा आहे. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णाला अफूजन्य वा तत्सम वेदनाशामक औषध देण्यापूर्वी डॉक्टर त्याच्याकडून जे करारपत्र लिहून घेतात, ती ही रचना होय.

हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतील वेदनाचिकित्सेत रूढ झाला. त्यातील कलमे थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखीच असतात. औषध एकाच डॉक्टरांकडून घेईन. एकाच दुकानातून घेईन. गोळ्या हरवल्या वा चोरीस गेल्या तरी मुदतीपूर्वी पुन्हा मागणार नाही. बोलावले जाईल तेव्हा उरलेल्या गोळ्या मोजून दाखवीन. सांगितले जाईल तेव्हा लघवी तपासणीस देईन. ह्यांपैकी काही मोडल्यास औषध बंद केले जाईल, हे मला मान्य आहे. ह्याखाली सही व तारीख. कागद एका पानाचा असतो, पण त्यात एक संपूर्ण पात्ररचना दडलेली असते. ती कोणत्या पात्राची आणि ते पात्र कोणी रचले, हा येथील प्रश्न आहे.

२

करारपत्राची भाषा तपासण्यापूर्वी त्याचा पूर्वपक्ष नीट मांडणे अवश्य आहे. कारण डॉक्टरांचे भय निराधार नाही. अमेरिकेत १९९० नंतर ह्या औषधांचा वापर बेसुमार वाढला आणि व्यसनाने व अतिमात्रेने असंख्य माणसे दगावली. भारतात संकट नेमके उलट्या बाजूने आले. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ ह्यांविषयीचा १९८५ चा अधिनियम इतका कडक होता, आणि त्याखालचे परवाने इतके गुंतागुंतीचे होते, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून १९९७ साली अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. ज्या देशात अफूची कायदेशीर शेती होते आणि नीमच व गाझीपूर येथे तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत, त्याच देशातील रुग्णाच्या वाट्याला ही स्थिती आली. २०१४ साली अधिनियमात दुरुस्ती झाली; औषधांचा वैद्यकीय उपयोग होत राहील हे पाहणे, हेही शासनाचे कर्तव्य ठरले. पुढील वर्षी मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ म्हणून घोषित झाली. मात्र २०१८ साली ट्रॅमाडॉल हे सर्रास दिले जाणारे औषधही नियंत्रित पदार्थांच्या यादीत गेले. सारांश, डॉक्टर स्वतःही संशयाच्या छायेत लिहीत असतो. त्याच्या चिठ्ठीकडे कायदा पाहतो, म्हणून तो रुग्णाकडे कायद्याच्या नजरेने पाहू लागतो.

ह्या भयाला आपल्या भाषेनेही खतपाणी घातले आहे. ‘अफूची गोळी’ हा मराठीत निखळ निंदेचा शब्द आहे. फसवून निजविणे, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. अनिल अवचट ह्यांच्या ‘गर्द’सारख्या लेखनाने आणि १९८६ साली पुण्यात स्थापन झालेल्या मुक्तांगणाने व्यसनी माणसाला मराठी वाचकाच्या सहानुभूतीच्या कक्षेत आणले, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु त्याच कुळातील औषध ज्याला व्यसनासाठी नव्हे तर रात्री झोप लागावी म्हणून हवे असते, त्या माणसाला त्या तोडीचे मराठी गद्य लाभले आहे, असे म्हणवत नाही. त्यामुळे औषध मागणारा म्हणजे व्यसनी, ही एकच प्रतिमा आपल्या मनात वावरते आणि करारपत्राचा मसुदाही तिच्याच सावलीत लिहिला जातो.

३

आता भाषेकडे वळू. मराठी व्याकरणात भावकर्तृक क्रियापदांचा एक वर्ग मानलेला आहे. ‘उजाडते’, ‘सांजावते’, ‘मळमळते’ ही त्याची शाळेतच शिकविली जाणारी उदाहरणे. ह्या क्रियापदांना निराळा कर्ता नसतो. क्रियेचा भाव हाच त्यांचा कर्ता. दिवस उजाडणे आणि पोटात मळमळणे ह्या दोहोंना भाषेने एकाच वर्गात बसविले, ह्यात खोल जाण आहे. दोन्ही गोष्टी माणसाच्या इच्छेवाचून घडतात. वेदनेची इतर वाक्येही पाहावीत. ‘मला कळ येते’, ‘माझी पाठ धरते’, ‘त्याच्या पायाला रग लागते’. येथे कर्तेपण कळेकडे, पाठीकडे, रगेकडे आहे. माणूस ‘मला’, ‘माझी’, ‘त्याच्या’ अशा रूपांत बाजूला उभा आहे. ‘मी दुखतो’ असे वाक्य मराठी माणूस बोलत नाही.

करारपत्रात हा सारा व्यवहार पालटतो. तेथे प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू होते आणि भविष्यकाळी क्रियापदाने संपते : घेईन, दाखवीन, देईन, मागणार नाही. काल रात्री ज्याच्या शरीरात सर्व काही त्याच्या इच्छेवाचून घडत होते, तो आज सकाळी कागदावर सर्व गोष्टींचा कर्ता झाला आहे. उलट पक्षी, औषध देणाऱ्याची वाक्ये पाहावीत. ‘औषध बंद केले जाईल’, ‘तपासणी करण्यात येईल’. ही कर्मणी रचना आहे आणि तिच्यात कर्ता लुप्त आहे. औषध कोण बंद करील, कोणाला विचारून करील, केल्यावर रुग्णाचे काय करील, ह्यांपैकी कशालाच वाक्यात जागा नाही. आपल्या रुग्णालयांतील संमतिपत्रांच्या मराठीत हा साचा अगोदरच तयार आहे. ‘मला समजेल अशा भाषेत सर्व समजावून सांगण्यात आले आहे’ हे वाक्य कोणत्या वाचकाने पाहिले नसेल? समजावून सांगण्याची क्रिया घडो वा न घडो, ती घडल्याचे वाक्य आधीच छापलेले असते आणि सांगणारा अनामिक असतो. वेदनाशामक औषधांचे करारपत्र मराठीत येईल ते ह्याच साच्यात ओतले जाईल, हे उघड आहे.

येथे प्रथमपुरुषी निवेदनाचा प्रश्न उपस्थित होतो. आपल्या परंपरेत ‘मी’ म्हणून बोललेल्या दुःखाचा ठेवा मोठा आहे. गंगाखेडच्या जनाबाईने दळणकांडणाचे कष्ट सांगितले, जांबच्या रामदासांनी करुणाष्टकांत तळमळ सांगितली. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा हीदेखील एक सहीच आहे. परंतु ती स्वतःच्या बोलावर उमटविलेली आहे. करारपत्रातील सही दुसऱ्याच्या बोलावर उमटते. ‘मी’ रुग्णाचा, शब्द संस्थेचे. नाटककार पात्राच्या तोंडी शब्द घालतो तेव्हा त्या शब्दांची जबाबदारी तो पात्रावर टाकीत नाही. येथे मात्र मसुदा लिहिणारा नामानिराळा राहतो आणि पात्राला दंड भरावा लागतो.

४

ज्या शब्दांना ह्या कागदावर स्थान नाही, ते कोणते? कळ, ठणका, ठसठस, सणक, तिडीक, चमक, उसण, रग, आग, जळजळ, चुरचुर, शूळ, मुरडा, मुंग्या, गोळे, भरून येणे, वळणे, अवघडणे. हे पर्यायवाची शब्द नव्हेत. कळ येते आणि जाते, ठणका लागतो आणि मुक्काम करतो, उसण भरते, शूळ उठतो, तिडीक डोक्यात जाते. प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे क्रियापद ठरलेले आहे आणि त्या क्रियापदात वेदनेचा काळ, वेग व दिशा सामावलेली आहे.

ह्या संपत्तीचे मोल वैद्यकानेही ओळखले आहे. रोनाल्ड मेल्झॅक ह्यांनी १९७५ साली सिद्ध केलेली मॅक्‌गिल प्रश्नावली ७८ विशेषणांवर उभी आहे. रुग्णाने निवडलेल्या शब्दांवरूनच तेथे वेदनेची जात ओळखली जाते. जळणारी, विजेसारखी, मुंग्या आणणारी वेदना बहुधा मज्जातंतूंकडे बोट दाखविते आणि तिचा उपचार सांध्याच्या ठणक्याहून निराळा असतो. म्हणजे शब्द ऐकणे ही केवळ भूतदया नाही. ते निदान आहे. असे असता गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात बहुधा एकच प्रश्न उरतो : शून्य ते दहापैकी किती? घाईत हा प्रश्न उपयोगी आहे, ह्यात वाद नाही. परंतु ‘सात’ ह्या उत्तरात कळही बुडते आणि ठणकाही. ज्याच्याजवळ अठरा शब्द होते, त्याच्याजवळ एक आकडा राहतो; आणि आकडा खोटा सांगता येतो, म्हणून पुढे करारपत्राची गरज भासते. आधी शब्द काढून घ्यावयाचे आणि मग शब्दावर विश्वास नाही म्हणून सही घ्यावयाची, असा हा क्रम आहे.

५

न वाचता सही केलेल्या कागदाचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने गावोगाव निबंधक नेमण्याची तरतूद केली आणि शेतकऱ्याचा दस्तऐवज त्या तिऱ्हाइतासमोर व्हावा असे ठरविले. मथितार्थ असा, की अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली असे होत नाही, हे राज्यकर्त्यांनाही मानावे लागले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय संमतीविषयी हेच तत्त्व दुसऱ्या शब्दांत सांगितले : पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. अडलेल्या माणसाची सही आणि मोकळ्या माणसाची सही ह्यांत भेद आहे. वेदनेने ग्रासलेला मनुष्य औषधाच्या दारात उभा असताना कोणते कलम नाकारणार?

ह्याहूनही मूलगामी प्रश्न प्रामाण्याचा आहे. वेदना ही अशी गोष्ट आहे, की तिचा मुख्य साक्षीदार स्वतः सोसणाराच असतो. मार्गो मॅकॅफरी ह्या अमेरिकन परिचारिकेने १९६८ साली वेदनेची जी व्याख्या केली तिचा आशय असा, की सोसणारा जिला वेदना म्हणतो तीच वेदना. पुढे आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना रुग्णाच्या कथनाचा आदर व्हावा, अशी स्पष्ट टीप जोडली. जवळजवळ मॅकॅफरींच्याच काळात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हाच प्रश्न दुसऱ्या क्षेत्रात लढविला जात होता. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून आणि गंगाधर पानतावणे ह्यांच्या ‘अस्मितादर्श’मधून दलित साहित्याची जी भूमिका आकारास आली, तिच्यात ‘वेदना’ ही समीक्षेची संज्ञा झाली. सोसणाऱ्याचे कथन कलात्मक आहे की नाही हे विचारण्याआधी ते ऐकले पाहिजे. ज्याने सोसले त्याचा शब्द हाच पुरावा, अशी ती मागणी होती. सामाजिक वेदना आणि शारीरिक वेदना एकरूप मानण्याचा येथे हेतू नाही. तसे मानणे दोघींवरही अन्याय करणारे होईल. परंतु ‘तुझे दुःख तू सांगतोस म्हणून खरे मानता येणार नाही’ हे उत्तर दोघींनाही मिळाले आहे, आणि त्या उत्तराची चिकित्सा करण्याची साधने ह्या नगरातील समीक्षेने घडविली आहेत.

६

करारपत्र टाकून द्यावे, असा ह्या विवेचनाचा निष्कर्ष नाही. औषध धोक्याचे आहे आणि दोन्ही पक्षांनी काही गोष्टी बोलून ठरविणे हिताचे आहे. मात्र संशयाची कलमे घातल्याने दुरुपयोग थांबतो, ह्याला भक्कम आधार नाही. २०१० साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात असा पुरावा दुर्बळच आढळला. उलट औषध एकाएकी तोडण्याचे परिणाम इतके गंभीर ठरले, की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१९ साली त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. ‘औषध बंद केले जाईल’ ह्या कर्तृहीन वाक्याची किंमत कोण देतो, हे त्यावरून कळते.

तेव्हा रचना म्हणून ह्या कागदाकडून तीन अपेक्षा ठेवता येतील. पहिली, वाक्यांना दोन्ही बाजूंनी कर्ता असावा : रुग्ण ‘मी गोळ्या सांभाळीन’ म्हणत असेल, तर डॉक्टरने ‘मी औषध एकाएकी तोडणार नाही, कमी करावे लागले तर हळूहळू करीन आणि दुसरा उपचार देईन’ असे लिहावे. दुसरी, कलमांच्या आधी रुग्णाची वेदना त्याच्याच शब्दांत नोंदविणारी जागा असावी, म्हणजे कागदावरील पहिला शब्द ‘मला’ असेल. तिसरी, कागद तिऱ्हाइताच्या समक्ष मोठ्याने वाचला जावा आणि रुग्णाला तो बदलून मागता यावा.

पहिल्या व तिसऱ्या अपेक्षेची पूर्ती वैद्यक व कायदा ह्यांच्या हाती आहे. दुसरी मात्र मराठीच्या अभ्यासकांवाचून पुरी होणार नाही. येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात आणि घाटीत मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून, शेजारच्या खानदेश-विदर्भातूनही रुग्ण येतात, आणि प्रत्येकजण आपल्या बोलीतील दुखणे बरोबर आणतो. परभणीकडील ठणका आणि जळगावकडील ठणका एकच आहे काय, कोणता शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर चालतो, कोणत्या शब्दाने स्त्रिया बोलतात आणि कोणत्या शब्दापाशी थांबतात, ह्याचा पद्धतशीर संग्रह हा पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होऊ शकतो. असा कोश हाती असलेला डॉक्टर ‘किती?’ ह्याऐवजी ‘कसे?’ असे विचारू शकेल. मग सही घेण्याची वेळ आलीच, तर ती ऐकून घेतलेल्या माणसाची सही असेल.