साडेतीन बाय दोनचं साहित्य

बँकेतल्या कारकुनाला व्हिजिटिंग कार्ड नसतं. ते साहेबांना असतं. कारकुनाकडे फक्त दुसऱ्यांची येतात. उल्हासनगरातल्या एका शाखेत वीस वर्षं काउंटरवर बसून माझ्या खणात रबरबँड लावलेले सहा गठ्ठे जमले आहेत. कथा-कादंबऱ्यांवर लिहिणारे टीकाकार पुष्कळ. या वाङ्मयप्रकाराकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. तेव्हा ही जबाबदारी एका बी.कॉम. झालेल्या माणसावर येऊन पडली, असं समजा.

प्रकार अवघड आहे, बरं का. जागा साडेतीन इंच बाय दोन इंच. म्हणजे एटीएम कार्डापेक्षा लांबीला तीन मिलिमीटर जास्त आणि रुंदीला तीन मिलिमीटर कमी. (हे मी पट्टीने मोजलंय. लंच टाइम होता.) एवढ्यात माणसाने सांगायचं काय? मी कोण, काय करतो, कुठे सापडतो. बस्स. पण आमच्या गावच्या लेखकांना मोकळी जागा म्हणजे भाडं न येणारा गाळा वाटतो. वर मधोमध झुलेलाल किंवा गणपती, खाली तीन रंगांत दुकानाचं नाव, त्याखाली ‘डीलर इन ऑल काइंड्स ऑफ’ आणि मग जीन्सच्या बटणांपासून सोफा-कम-बेडपर्यंत यच्चयावत वस्तू. दोन भावांची नावं, चार मोबाईल. २०१७ पासून जीएसटीचा पंधरा अक्षरी नंबरही आला. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं पॅनची. ही ओळख करून देणं झालं की इन्कम टॅक्सवाल्याला आवतण? उरलेल्या कोपऱ्यात क्यूआर कोड. नाव वाचायला चष्मा लागतो. पैसे पाठवायला लागत नाही.

आणि ती चकचकीत लॅमिनेशनची हौस! कार्डाचा खरा उपयोग त्याच्या पाठीवर असतो. ‘मंगळवारी चेक’ असं लिहायला गेलं की बॉलपेन घसरतं आणि मंगळवारचा बुधवार होतो. जाड, साध्या कागदाचं, मागून कोरं कार्ड मी दहापैकी सात मार्क देऊन पास करतो.

पत्त्याच्या बाबतीत मात्र उल्हासनगरी कार्डाला तोड नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती; फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर नाव मिळालं. छावणी गेली, पण कॅम्प नंबर एक ते पाच आणि बराक नंबर अजून पत्त्यात हजेरी देतात. पिनकोडसुद्धा आज्ञाधारक: ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंत, शेवटचा आकडा तोच कॅम्प. इतकं शिस्तीचं गाव असूनही घर सापडतं ते ‘अमक्या पापडवाल्याच्या मागे’ याच ओळीवर. ती ओळ ज्याने गाळली, त्याने कार्ड छापलंच कशाला?

गठ्ठ्यांत सर्वांत सरस कार्ड एका म्हाताऱ्या कापडवाल्याचं. पिवळं पडलेलं, एकाच शाईचं, खिळ्यांनी छापलेलं. बोट फिरवलं तर अक्षर लागतं. मधे नाव. खाली डाव्या कोपऱ्यात बराक नंबर, आणि उजव्या कोपऱ्यात नुसतं ‘शिकारपूर, सिंध’. शिकारपुरी सावकारांच्या हुंड्या एके काळी बुखाऱ्यापर्यंत चालत. मी एकदा त्यांना म्हटलं, “शेठ, तिथे आता तुमचं दुकान नाही, मग हे कशाला?” ते म्हणाले, “साईं, दुकान नहीं है, इसीलिए तो लिखा है।”

ही रीत जुनीच. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलालेख आहे, तो शिलाहारांच्या काळातला. हे राजे राज्य करायचे ठाण्याकडे, पण बिरुद लावायचे ‘तगरपुरपरमेश्वर’. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर! राजाचंसुद्धा मन मूळ गावातच अडकलेलं.

शेठ गेले. मुलाने नवं कार्ड दिलं, चकचकीत. उजव्या कोपऱ्यात क्यूआर. “शिकारपूर?” मी विचारलं. “जगह नहीं थी, अंकल।” त्याला मी तीन मार्क दिले, तेही खालच्या पापडवाल्याच्या ओळीचे.

एवढा व्यासंग झाल्यावर आमच्या हिने मसाल्यांचा धंदा काढला, तेव्हा कार्डाचा मजकूर मीच करणार हे ठरलेलंच होतं. रात्री दोनपर्यंत जागून केला. वर माझं नाव, पुढे बी.कॉम., खाली ‘घरगुती मसाले, सर्व प्रकारचे’, मग सोळा मसाल्यांची यादी, तीही अकारविल्हे. तिने तो कागद प्रेसवाल्याच्या टेबलावर ठेवला आणि माझ्यादेखत पेनने माझं नाव खोडून स्वतःचं घातलं. सोळा मसाल्यांचे तीन केले. मग उजव्या कोपऱ्यात लिहिलं, ‘मुरबाड’.

“अगं, आपण राहतो बदलापूरला!”

“मसाला माझ्या आईचा आहे.”

प्रेसवाला डोकं खाजवत म्हणाला, “ताई, एवढं नाही बसणार. एक ओळ जास्त होते.”

“मग ते बी.कॉम. काढा,” ती म्हणाली.