बोट लागण्यापलीकडचा प्रवास

मराठी प्रवासवर्णनात बोट हमखास डोलते. लेखकाला बोट लागते, जेवण नकोसे होते, सहप्रवाशांच्या फजितीवर चार विनोद होतात. मग एखादे बेट दिसते आणि किल्ले, देवळे, निळे पाणी यांचे वर्णन सुरू होते. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) हा वाङ्मयप्रकार मध्यमवर्गीय घराघरांत नेला. समीक्षेने त्याला लावलेल्या कसोट्याही ठरलेल्या आहेत: सौंदर्यदृष्टी, मिश्किलपणा, चित्रमय शैली. प्रवासाला निघण्याचा आणि स्थळ पाहण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मात्र त्यांत बसत नाही. लेखक, वाचक आणि समीक्षक या तिघांनीही तो अधिकार जन्मतःच गृहीत धरलेला असतो.

कोल्हापूरला समुद्रप्रवास परका नाही. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्स येथे ऐन तारुण्यात वारले. त्यांची इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. राजर्षी शाहू १९०२ मध्ये विलायतेला गेले. ते तिकडे असतानाच, २६ जुलैला, मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा आदेश करवीरात निघाला. पहिल्या प्रवासाची खूण म्हणून आर्नो नदीकाठी छत्री उभी आहे. दुसरा प्रवास आपण या आदेशाने लक्षात ठेवतो. पण राजाला जागा मिळणारच. ज्याला गाडीवान गाडीत घेत नाही, त्याच्या प्रवासाचे काय?

नोव्हेंबर १९३२. तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेले बाबासाहेब आंबेडकर 'व्हिक्टोरिया' बोटीवर आहेत. बोट पोर्ट सैदला, म्हणजे भूमध्य समुद्राच्या दाराशी आली असता, १४ तारखेला ते ठक्करबाप्पांना दीर्घ पत्र लिहितात. त्याचा विषय समुद्र नाही. गावची विहीर, शाळा, चावडी आणि सार्वजनिक वाहने अस्पृश्यांना खुली व्हावीत, म्हणून लढा उभारण्याचा कार्यक्रम त्यात आहे. परदेशी आगबोटीत त्यांना जागा होती; मायदेशातल्या गाडीत त्यांच्या माणसांना ती नव्हती. या पत्रात निसर्ग का नाही, असे विचारणाऱ्याला ते कळलेच नाही.

त्यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. ते बहुधा आत्मकथन म्हणूनच वाचले जाते. माझ्या मते ते अव्वल प्रवासवर्णन आहे. कोल्हापूरहून पुण्याला जाताना लागणाऱ्या मसूर स्थानकावर मुले उतरतात. जात कळल्यावर गाडीवान दुप्पट भाडे घेतो, तरी गाडी मुलांनाच हाकावी लागते आणि रात्रभर पाणी मिळत नाही. १९३४ साली हीच व्यक्ती, आता बॅरिस्टर आणि पुढारी, सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला जाते. हौदावर हातपाय धुतल्याबरोबर हौद बाटल्याचा गिल्ला होतो. अखेर किल्ला पाहायला मिळतो, पण पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून सोबत शस्त्रधारी शिपाई दिला जातो. स्थलदर्शनाचे इतके नेमके वर्णन मराठी मुलखाबद्दल दुसऱ्या कोणी केले आहे काय?

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. इटलीचे लांपेदुसा हे सहलीचे बेट. त्याच्या किनाऱ्याजवळ ३ ऑक्टोबर २०१३ रोजी आफ्रिकेतून आलेल्या निर्वासितांची बोट बुडाली आणि साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. ज्या पाण्यात पर्यटकाला मळमळते, त्याच पाण्यात परवाना नसलेला माणूस बुडतो. लाटा दोघांना सारख्याच. फरक कागदाचा आहे.

विनोद नको, निसर्ग नको, असे म्हणणे नाही. आज आपल्यातले शिक्षक, अधिकारीही विलायतेच्या सहली करतात. ही आनंदाची गोष्ट आहे. ती लढून मिळवलेली आहे. पण तिथून परतल्यावर आपणही केवळ हेलकावे आणि हॉटेलांचेच वर्णन करणार असू, तर आसनावरचा माणूस बदलला, दृष्टी तीच राहिली. मराठीच्या वर्गात प्रवासवर्णन शिकवताना 'अपूर्वाई'च्या शेजारी मसूरची बैलगाडी आणि दौलताबादचा हौद ठेवावा. विद्यार्थ्याने शैलीबरोबर हेही विचारावे: या प्रवासात दाराशी कोणाला अडवले, आणि लेखकाला तो दिसला का?