‘पोटरी’ : एका शब्दाच्या दोन वाटा

मावळात ‘पोटरी’ हा शब्द दोन प्रसंगी कानी पडतो. लोहगड चढून उतरलेल्या माणसाच्या पोटऱ्या भरून येतात. आणि भाद्रपदाच्या सुमारास खाचरातील भात पोटरीस येते, म्हणजे लोंबी बाहेर पडण्यापूर्वी पानाच्या आवरणात ताट फुगते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा ‘इंद्रायणी’ हा वाण १९८७ सालचा. त्याचीही ही अवस्था याच जुन्या शब्दाने ओळखली जाते.

कोशात एकाच शब्दाखाली शरीराचा अर्थ आधी व पिकाचा नंतर मांडला, की दुसरा पहिल्यावरून लक्षणेने निघाला असा समज सहज होतो. तो ग्राह्य धरता येत नाही.

दोहोंच्या मुळाशी ‘पोट’ आहे, यात शंका नाही. प्राकृतातील ‘पोट्ट’ हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाले’त नोंदविला, तेव्हा त्यासाठी संस्कृत धातू शोधण्याचा अट्टहास व्यर्थ होय. पायाच्या मांसल भागास पोट कल्पिणे मात्र संस्कृतासही परके नाही : ‘पिचंड’ म्हणजे उदर, ‘पिचंडिका’ म्हणजे पोटरी. शरीरशास्त्रातील ‘गॅस्ट्रोक्नेमिअस’ हे स्नायूचे नावही ग्रीकमधील उदर व पायाची नळी या अर्थांच्या शब्दांतून घडले आहे. इंग्रजीतील पोटरीवाचक ‘काफ’ जुन्या नॉर्समधील ‘काल्फी’पासून आला, हा शब्द व वासराचे नाव ही दोन्ही काही व्युत्पत्तिकार ‘फुगणे’ या अर्थाच्या एकाच मुळाकडे नेतात. आजच्या नॉर्वेजियनमधील ‘टिक्लेग’ म्हणजे सरळ ‘जाड पाय’. तेथे ना उदर, ना वासरू.

या संज्ञांच्या मुळाशी केवळ आकार आहे. भाताच्या पोटरीत आकाराहून आत काय आहे याला महत्त्व आहे, आणि शब्दाचा प्रयोगही तेच दाखवितो. पायाला पोटरी असते, ती जन्मभर राहते व तिचे अनेकवचन होते. पीक पोटरीस ‘येते’. ते निसवले की ती अवस्था सरते, आणि शेतकरी तेथे सहसा पोटऱ्या मोजीत नाही. गर्भवतीस ‘पोटुशी’ म्हणणाऱ्या भाषेत भाताच्या या अवस्थेचे नाव पायाकडून उसने घेण्याचे कारण नव्हते. एक पोटरी पोटाच्या आकारावरून झाली, दुसरी पोटात वाढणाऱ्या गर्भावरून. पुढील कोशकारांनी त्यांची नोंद स्वतंत्रपणे करावी.