प्रवासवर्णनातले हसू आणि सीमेवरचे कान

परदेशातल्या रीतीभाती पाहून हसणे हा मराठी लेखकाचा जुना छंद आहे. दिवाळी अंक चाळायला घ्यावा, तर त्या जातीचा एक तरी लेख हमखास सापडतो. लेखक विमानतळावर गोंधळतो, काट्याचमच्यांशी झटापट करतो, न्हाणीघरात तांब्या शोधतो आणि दर दोन मिनिटांनी 'थँक्यू' म्हणून थकून जातो. हसू येत नाही असे नाही. पण असे तीन-चार लेख वाचले की ध्यानात येते, तांब्या एकच आहे; तो फक्त या लेखकाकडून त्या लेखकाकडे फिरतो आहे.

असे का होते, याचे उत्तर मला तरी मुक्कामाच्या लांबीत दिसते. पंधरा दिवसांत जे टोचते ते सगळ्यांना सारखेच टोचते. 'थँक्यू'चेच घ्या. इंग्रज माणूस घरातसुद्धा मीठ पुढे सरकवल्याबद्दल आभार मानतो, हे पाहून आपला लेखक चकित होतो आणि चकित झाल्याचे लिहून मोकळा होतो. खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे आईने भाकरी वाढली आणि मुलगा 'आभारी आहे' म्हणाला, तर ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. आभार हा आपल्याकडे सभेच्या शेवटी मानायचा प्रकार. घरात आभार मानणे म्हणजे नाते तोडून हिशेब चुकता करणे. म्हणजे विनोद इंग्रजाच्या तोंडातल्या शब्दात नाही, आपल्या तोंडात तो शब्द का नाही यात आहे. पण तिथवर जायला पंधरा दिवस पुरत नाहीत.

पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) या गर्दीत वेगळे उठून दिसते, ते नुसत्या कोटीबाजपणामुळे नव्हे. पुस्तक लंडनला पोचण्याआधी बराच वेळ घरीच रेंगाळते. जाण्याची तयारी, सल्ला द्यायला येणारी मंडळी, कपड्यांची चिंता. पुलंनी पहिली खिल्ली उडवली ती विलायतेला निघालेल्या मराठी मध्यमवर्गाची, म्हणजे स्वतःची. इंग्रजाची पाळी नंतर आली. ही शिस्त पुढच्या पुष्कळ नकलाकारांना साधली नाही. त्यांनी पुलंचा सूर उचलला, घरातला मुक्काम तेवढा गाळला.

तरीही 'अपूर्वाई'ला एक मर्यादा आहे आणि पुलंवर प्रेम असूनही ती सांगायला हवी. तिथला इंग्रज आपल्याला दिसतो तो पाहुण्याच्या खुर्चीतून. पाहुणा रसिक आहे, दिलदार आहे, पण शेवटी परतीचे तिकीट खिशात असलेला आहे. शिवाय हे पुस्तक इंग्रज वाचणार नाही, हे लेखकालाही ठाऊक आहे आणि वाचकालाही. पाठीमागे केलेली चेष्टा, कितीही प्रेमळ असली, तरी पाठीमागचीच.

याच्या उलट टोकाला मला जॉर्ज मिकेश दिसतो. हा हंगेरियन पत्रकार. १९३८ साली म्युनिकच्या पेचप्रसंगाची बातमीदारी करायला थोड्या दिवसांसाठी लंडनला आला आणि १९८७ साली मरेपर्यंत तिथलाच होऊन राहिला. त्याचे 'हाऊ टु बी अ‍ॅन एलियन' हे छोटेखानी पुस्तक १९४६ साली निघाले. विषय तेच: हवा, चहा, रांग. पण लिहिले इंग्रजीत, इंग्लंडात बसून, इंग्रजांनी वाचावे म्हणून. हवेच्या गप्पांवरचे त्याचे प्रकरण एखाद्या व्याकरणकाराने लिहावे तसे आहे. समोरचा हवेविषयी जे म्हणेल त्याला मान डोलवायची, विरोध करायचा नाही, हा त्यातला मुख्य नियम.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. बेळगावच्या कोणत्याही गल्लीत दुपारी बारानंतर भेटलेला माणूस विचारतो, 'जेवण झालं काय?' कन्नड बोलणारा असेल तर 'ऊट आयता?' म्हणतो. दोघांनाही तुमच्या पोटाची चौकशी करायची नसते आणि दोघेही तुम्हाला जेवायला नेणार नसतात. उत्तर एकच, 'झालं की!' उपाशी असलात तरी. नवखा पाहुणा 'नाही हो अजून' म्हणाला, की विचारणाऱ्याची जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी असते. इंग्रजाची हवा आणि आमचे जेवण, दोन्ही एकाच खात्यात जमा.

मिकेशच्या प्रस्तावनेत एक इंग्रज तरुणी येते. तिच्या लेखी हा परका आहे. तो तिला विचारतो की तू बुडापेस्टला आलीस तर तिथे तू परकी होशील ना? तिला ते मुळीच पटत नाही. इंग्रज माणूस कुठेही गेला तरी परका होत नाही. परके ते बाकीचे. ठिकाण बदलले म्हणून सत्य थोडेच बदलते! हा प्रसंग पुण्यामुंबईचा वाचक नुसता हसून पुढे जाईल. आम्हा सीमाभागातल्या वाचकाला तिथे जरा थांबावे लागते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि माणसे होती तिथेच राहून त्यांच्या घराभोवतीचे राज्य बदलले. कोणी गाव सोडला नाही, पेटी भरली नाही, आणि परका कोण हा प्रश्न मात्र दारात येऊन बसला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा २००४ साली लावला. प्रश्न अजून बसलेलाच आहे. त्या तरुणीचे बोलणे आम्ही दोन्ही भाषांत ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर दोन्ही भाषांत बोललोही आहोत.

इंग्रज आपल्यावर चिडतील अशी मिकेशची अपेक्षा होती. झाले भलतेच. त्यांनी पुस्तक डोक्यावर घेतले, एकमेकांना भेट दिले. तो बिचारा म्हणतो, मला तर उद्धटपणा करायचा होता! या जातीच्या लेखनाची माझी कसोटी इथून येते. ज्याच्यावर लिहिले त्याला समोर बसवून ते वाचता येईल का?

या कसोटीला पुलंचे एक लेखन उतरते आणि ते परदेशाविषयीचे नाही. ते आहे 'गणगोत'मधले (१९६६) 'रावसाहेब'. पुलं काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. कृष्णराव हरिहर हे त्यांना इथेच लाभले. कानडी वळणाचे मराठी, वाक्यागणिक शिवी आणि गाण्यानाटकावर जीव ओवाळून टाकणारा माणूस. लेखात रावसाहेबांच्या भाषेची गंमत पुरेपूर आहे, पण माणूस त्या भाषेपेक्षा मोठा होत जातो आणि शेवटाकडे हसू आपोआप शांत होते. इथे पुलं पाहुणे नाहीत, शेजारी आहेत. इथला वाचकही पाठीमागे नाही, समोर आहे.

मात्र याच लेखाची ध्वनिफीत लावली की कुठे हशा होतो, तेही ऐकावे. पुष्कळदा तो लिंग चुकले तिथे होतो. आता ही 'चूक' काय आहे? कन्नडात टेबल, खुर्ची, पुस्तक ही सगळी नपुंसकलिंगी. पुरुष आणि स्त्री हे भेद मुख्यतः माणसांसाठी. ते टेबल, ती खुर्ची, ते पुस्तक हा आपला कारभार त्यांना अंदाधुंदीचा वाटला तर दोष कोणाचा? खुर्चीने बाईपणाचा असा कोणता पुरावा दिला आहे? आमच्याकडच्या बायकाही 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. कन्नडात 'नानु बंदे' हे बाईचेही आणि बुवाचेही. प्रथमपुरुषी क्रियापदाला तिथे लिंगच नाही. बेळगावची मुलगी पुण्यात दिली, की सासरी पहिल्या आठवड्यात 'आले म्हण गं, आले' सुरू होते. सासूबाई शुद्धलेखनाच्या बाजूने असतात, सून शेजाराच्या बाजूने. पुण्यात 'चहाबिहा', आमच्याकडे कन्नडच्या पंगतीला बसून 'चहागिहा'. कपातला चहा तोच. 'बिहा' शुद्ध आणि 'गिहा' गावंढळ, हे कोणी ठरवले?

आणि कित्येकदा भेद म्हणून दाखवला जातो तो भेदच नसतो. निघताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कन्नड माणूस 'होगि बर्तिनी' म्हणतो, जाऊन येतो. अशुभ टाळायची ही युक्ती दोघांनी मिळूनच काढली असावी. हे टिपायला विमान लागत नाही, उंबरठा पुरतो. पण आमचे विनोदी लेखक उंबऱ्यावर थांबायला तयार नाहीत. त्यांना थेट स्वित्झर्लंड गाठायचे असते.

मला जे पुस्तक वाचायचे आहे ते अजून माझ्या हाती आलेले नाही. धारवाडात द. रा. बेंद्रे होते. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, 'नाकुतंती'साठी ज्ञानपीठही मिळालेले. त्याच गावात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत आणि मराठीत कथा लिहीत. एकाच गावच्या दोन टोकांना दोन भाषांचे दोन मोठे लेखक, आणि त्यांच्या मधल्या रस्त्यावर भाजीवाली एकाच दमात दोन्ही भाषांत भाव सांगते आहे, पल्याला भाजी आणि भाजीला पल्या म्हणते आहे. या रस्त्याचे मिकेशसारखे खट्याळ पुस्तक कोणीतरी लिहावे, दोन्ही भाषांत लिहावे, आणि पहिले वाचन त्या भाजीवालीच्या गाडीपाशी ठेवावे. पुण्याला एक प्रत मागाहून पाठवता येईल.